मदत हवी आहे: इंग्लंडमधल्या चर्चच्या शाळेत फाउंडेशन गव्हर्नर व्हायला सांगितलंय, सही करू का?

खाडीकाठ:
मंडळी, घाईत आहे. आमच्या चर्चने शाळेच्या गव्हर्निंग बॉडीवर, म्हणजे कारभार मंडळावर, चर्चतर्फे नेमायचा सदस्य (फाउंडेशन गव्हर्नर) म्हणून माझं नाव सुचवलंय. फॉर्म गुरुवारी द्यायचा आहे आणि 'शाळेचं धार्मिक स्वरूप जपेन' असं त्यात लिहून द्यायचंय. तिकडे प्रवेशाचे नियम बदलायचं घाटतंय. त्यावर व्हिकरचं (चर्चच्या धर्मगुरूचं) मत एक आणि माझं दुसरं.
1) मत चर्च सांगेल तसंच द्यायचं असतं का?
2) नाही दिलं तर काढतात का?
3) इमारतीच्या कामाचे 10 टक्के गव्हर्नर भरतात म्हणे, ते खिशातून का?
कृपया थेट उत्तरं द्या.

ट्रेंटवासी:
शाळा व्हॉलंटरी एडेड (चर्चचा हात मोठा) की व्हॉलंटरी कंट्रोल्ड (लोकल ऑथॉरिटीचा, म्हणजे स्थानिक प्रशासनाचा हात मोठा)? चर्च ऑफ इंग्लंडची की कॅथलिक? की अकॅडमी (थेट सरकारी निधीवर, ट्रस्टने चालवलेली) झालीय? तुम्हाला नेमणार कोण, पॅरोकियल चर्च कौन्सिल (त्या चर्चची स्थानिक समिती) की डायोसिस (बिशपच्या हाताखालचा विभाग)? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग थेट उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं?

पेठकर:
मिशनच्या शाळांना राज्यघटनेच्या कलम 30(1) चं संरक्षण आहे. प्रमती खटल्यात 2014 साली सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळलं. त्यामुळे शाळा व्यवस्थापन समितीची सक्ती होत नाही. संस्थेला ठणकावून सांगा.

ट्रेंटवासी:
पेठकर, धागा इंग्लंडचा आहे. शीर्षकातच लिहिलंय.

मीरा_लेस्टर:
10 टक्क्यांचा विषय निघालाय म्हणजे शाळा एडेडच असणार. कंट्रोल्ड शाळेच्या गव्हर्नरांवर तो भार नसतो. एडेडमध्ये भांडवली कामांचा किमान 10 टक्के वाटा गव्हर्निंग बॉडीकडे येतो, पण बॉडीकडे, माणसाकडे नाही. पालकांची ऐच्छिक वर्गणी, डायोसिसचा निधी, चर्चची मदत असं करून तो उभा राहतो. शाळेच्या बजेटमधला खर्च सद्भावनेने केला असेल तर गव्हर्नरवर वैयक्तिक दायित्व येत नाही. 2002 च्या एज्युकेशन ॲक्टचं कलम 50 बघा. तिसरा प्रश्न डोक्यातून काढून टाका.

जुना_क्लार्क:
चर्चच्या शाळेत चर्चच्या गव्हर्नरांचं बहुमत असतंच. पाच जण एकत्र बसले की निकाल आधीच ठरलेला. मग एकट्याने वेगळं मत देऊन काय उपयोग?

ट्रेंटवासी:
'असतंच' हे चूक आहे. 2012 च्या नियमांप्रमाणे एडेडमध्ये फाउंडेशन गव्हर्नर बाकी सगळ्यांपेक्षा बरोबर दोनने जास्त असतात. हेडटीचर, एक स्टाफ, एक लोकल ऑथॉरिटीचा आणि दोन पालक मिळून पाच, म्हणजे फाउंडेशनचे सात, एकूण बारा. कंट्रोल्डमध्ये ते किमान दोन आणि एकूण संख्येच्या पाव हिश्श्याहून जास्त नाहीत, म्हणजे बारांत फार तर तीन. आणि एडेडच्या सातातही व्हिकर धरलेला असतो, बहुतेक ठिकाणी पदसिद्ध. दोघांनी जरी वेगळं मत दिलं तरी हिशोब बदलतो.

जुना_क्लार्क:
माझं बोलणं एडेडपुरतंच होतं. पण आकडे बरोबर आहेत.

खाडीकाठ:
चर्च ऑफ इंग्लंडची प्रायमरी, एडेड. अकॅडमी नाही. चर्च कौन्सिल नेमणार. बदल असा, की चर्चला नियमित येणाऱ्यांच्या जागा कमी करून जवळ राहणाऱ्यांना द्यायच्या. मी बदलाच्या बाजूने, व्हिकर विरोधात. आता सांगा.

मीरा_लेस्टर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. गव्हर्नर हा नेमणाऱ्याचा प्रतिनिधी नसतो. कौन्सिलमध्ये ठराव झाला म्हणून तुमचा हात बांधला जात नाही. शाळेचं धार्मिक स्वरूप जपलं आणि वाढवलं जातंय ना, शाळा ट्रस्ट डीडप्रमाणे (शाळेच्या स्थापनेच्या मूळ दस्तऐवजाप्रमाणे) चालतेय ना, हे पाहणं फाउंडेशन गव्हर्नरचं खास काम. ते स्वरूप कशाने टिकतं, याबद्दल तुमचं मत व्हिकरहून वेगळं असू शकतं. शेजारच्या मुलांना दार उघडणं हेच चर्चचं काम, असं मानणारे डायोसिसमध्येही पुष्कळ आहेत.

ट्रेंटवासी:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तितकं गोड नाही. ज्याने नेमलं तो फाउंडेशन गव्हर्नरला काढूही शकतो. क्लार्कला (गव्हर्निंग बॉडीच्या सचिवाला) आणि तुम्हाला लेखी नोटीस द्यावी लागते. व्हिकरचं पदसिद्ध असणं याहून वेगळं, त्याची प्रक्रिया निराळी.

मीरा_लेस्टर:
पण मत वेगळं दिलं एवढ्याच कारणावरून काढता येत नाही. 1989 चा ब्रुनिएट खटला, हाउस ऑफ लॉर्ड्स.

ट्रेंटवासी:
तो लोकल ऑथॉरिटीने नेमलेल्यांबद्दल होता, ऑथॉरिटीच्या धोरणाला साथ दिली नाही म्हणून काढल्याचा. तसाच्या तसा चर्चला लावू नका. इथे ट्रस्ट डीड मध्ये येते. तुमचं मत डीडशीच फारकत घेणारं असेल तर नेमणाऱ्याची बाजू भक्कम होते. म्हणून माझं एकच सांगणं: सहीआधी क्लार्ककडून इन्स्ट्रुमेंट ऑफ गव्हर्नमेंट (गव्हर्निंग बॉडीची रचना ठरवणारा कागद) आणि ट्रस्ट डीड मागा. इन्स्ट्रुमेंटमध्ये तुम्हाला नेमण्याचा अधिकार कोणाला आणि मुदत किती ते लिहिलेलं असतं. मुदत सहसा चार वर्षं. डीडमध्ये शाळा कोणासाठी काढली ते असतं. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक नॅशनल स्कूल (चर्च ऑफ इंग्लंडच्या जुन्या शाळा) डीडांमध्ये 'पॅरिशमधल्या (चर्चच्या परिसरातल्या) गरीब मुलांसाठी' असं स्पष्ट आहे. तसं निघालं तर तुमच्या मुद्द्याला बळच मिळेल.

सोनल_पुणे:
अवांतर: आम्ही जूनमध्ये तिकडे येतोय. आम्ही हिंदू आहोत. अशा शाळेत मुलीला प्रवेश मिळेल का? चर्चला देणगी दिली तर?

जुना_क्लार्क:
सोनलताई, जागा शिल्लक असेल तर धर्म विचारून नाकारता येत नाही. धर्माचा निकष अर्ज जागांपेक्षा जास्त आले तरच. आणि देणगी, चर्चची साफसफाई, फुलांची सजावट यांना गुण देणं स्कूल ॲडमिशन्स कोडने (प्रवेशाच्या सरकारी नियमावलीने) बंद केलंय. उपासनेतून मुलीला वगळायचं असेल तर तो हक्क पालकांना आहे. बाकी यासाठी वेगळा धागा काढा.

खाडीकाठ:
माझा मुलगा याच शाळेत दुसरीत आहे. धाकटीचा अर्ज पुढच्या वर्षी. मतदानाला बसता येतं का?

मीरा_लेस्टर:
बघा, अजून एक गोष्ट आत्ता कळली! सगळ्याच पालकांना लागू होणाऱ्या धोरणावर बसता येतं, पण हितसंबंध आधीच नोंदवा. भावंडांच्या निकषाचा मुद्दा आला तर उठून बाहेर जा. धाकटीच्या अर्जाचा क्रम लावताना त्या खोलीतच नको.

जुना_क्लार्क:
आता ज्यावर कोणी बोललं नाही ते. एडेड शाळेत प्रवेशाचा अधिकार गव्हर्निंग बॉडीचाच, म्हणून चुका तुमच्या अंगावर येतात. प्रवेशाचे नियम बदलण्याआधीची सल्लामसलत किमान 6 आठवड्यांची, 1 ऑक्टोबर ते 31 जानेवारी या काळातच. डिसेंबरचा तिसरा आठवडा उलटला की 6 आठवडे बसत नाहीत. नियम ठरवायचे 28 फेब्रुवारीपर्यंत, हरकत स्कूल्स ॲडज्युडिकेटरकडे (अशा हरकतींवर निर्णय देणाऱ्याकडे) 15 मेपर्यंत. 'नियमित उपासना' म्हणजे महिन्यातून किती वेळा, किती महिने, कोण सही करणार, हे लिहिलं नाही तर तिथेच अडकतं. धर्माच्या निकषाबाबत डायोसिसचा सल्ला घेणं बंधनकारक आहे. व्हिकरशी भांडण्याआधी डायोसिसचं मार्गदर्शन वाचा, कदाचित ते तुमच्याच बाजूचं असेल.

खाडीकाठ:
क्लार्कला दोन्ही कागद मागितलेत. मग सही करू?

ट्रेंटवासी:
कागद आले, वाचले की करा. गुरुवार ही त्यांची सोय असते, कायद्याची मुदत नाही, आठवडाभर मागा. आणि नेमणूक झाल्यापासून 21 दिवसांत डीबीएस तपासणीचा (गुन्ह्यांची नोंद तपासण्याचा) अर्ज जावा लागतो, तेव्हा पत्त्याचे पुरावे काढून ठेवा.