उजव्या कानाने ऐकताना : तुमचे अनुभव लिहा

मी न्यू जर्सीत राहतो. ऑफिसला जाताना पाऊण तास गाडी, येताना तास-सव्वा तास. २०१६ साली, निवडणुकीच्या धामधुमीत, एका सहकाऱ्याने बेन शापिरो या उजव्या विचारांच्या भाष्यकाराचा पॉडकास्ट ऐकायला सांगितला. बघू तरी ही मंडळी काय म्हणतात, म्हणून लावला आणि कधी सवय लागली कळलंच नाही. बाकी सगळे पॉडकास्ट मी दीडपट वेगाने ऐकतो, हा गृहस्थ मुळातच दीडपट बोलतो.

सरकारने खर्चाला आवर घालावा, शाळेत काय शिकवतात ते आईबापांना कळावं, घर टिकलं तर बाकीचं टिकतं, हे ऐकताना मान डोलायची. बंदुका आणि गर्भपात आले की मान थांबायची. पण बंद करावंसं वाटलं नाही. अडचण बाहेर होती. इथल्या मराठी मंडळात डेमोक्रॅट नसलेल्या माणसासाठी दोनच खाती आहेत: एक, टॅक्स वाचवायला बघणारा, दोन, व्हॉट्सॲपने बिघडलेला. (दोन्ही थोडंथोडं खरं असेलही, हलके घ्या.) आणि ज्यांच्या बोलण्यावर मी मान डोलावतो, त्यांच्या हिशेबात मी बसतो का, याचीही २०२४ च्या डिसेंबरात भारतीयांच्या नोकरी-व्हिसावरून झालेल्या भांडणापासून खात्री राहिलेली नाही.

म्हणून हा धागा. जे कॉन्झर्व्हेटिव्ह पॉडकास्ट ऐकतात, पूर्वी ऐकायचे, किंवा ऐकणाऱ्याच्या घरात राहतात, त्यांनी लिहा. कोण बरोबर हे ठरवायला इतर धागे आहेत. काय ऐकलंत, तेव्हा कुठे होतात, पोटात काय झालं, तेवढं सांगा.

ओहायोकर

पॉडकास्टवाल्या पोरांना वाटतं हे सगळं त्यांनी सुरू केलं. मी १९९० ला आलो, एका छोट्या गावातल्या प्लांटवर. दुपारी बारा वाजले की शॉपफ्लोअरच्या रेडिओवर रश लिंबॉ, उजव्यांचा रेडिओवरचा मोठा आवाज. तीन तास. १९८७ मध्ये एफसीसीने (रेडिओ-टीव्हीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) फेअरनेस डॉक्ट्रिन काढून टाकली, म्हणजे वादाच्या विषयात दुसरी बाजूही मांडायचं बंधन गेलं, आणि पुढच्याच वर्षी याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. फोन करणारे नुसतं 'डिट्टो' म्हणायचे. अर्थ असा की स्तुती झाली असं समज, आता मुद्द्यावर येतो.

खरं सांगतो, माझं इंग्रजी त्याने सुधारलं. टोमण्याआधी किती थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, हे मी त्याच्याकडून शिकलो आणि नंतर मीटिंगांमध्ये वापरलं. माणूस म्हणून आवडला असं नाही. सुरुवातीच्या काळात एड्सच्या रुग्णांवर त्याने जी थट्टा केली, ती ऐकून मी उठून रेडिओ बंद केला होता. फोरमनने काही न बोलता परत लावला.

२०२१ च्या फेब्रुवारीत लिंबॉ गेला. संध्याकाळी त्याच फोरमनचा फोन. आम्ही वीस वर्षं बोललो नव्हतो. मी हॅलो म्हणायच्या आधी म्हणाला, 'डिट्टो'. मग दोघं बराच वेळ गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोललो.

मोगरा

मी सॅन फ्रान्सिस्कोत, म्हणजे पत्त्यानेच लिबरल. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या उघडेचनात. मुलगा आठवीत, दिवसभर पायजम्यात, कॅमेरा बंद. शाळा कधी उघडणार ते सांगायचं सोडून २०२१ च्या जानेवारीत शाळा बोर्डाने चव्वेचाळीस शाळांची नावं बदलायचा ठराव केला. त्यात लिंकनचंही नाव! पुढच्याच महिन्यात लोवेल हायस्कूलचे गुणवत्तेवरचे प्रवेश बंद करून सोडत लावायचं ठरवलं. पालकांच्या ग्रुपवर सगळे चिडलेले, पण लिहिताना प्रत्येक जण आधी तीन वाक्यं माफी मागायचा. माफी न मागता बोलणारे मला फक्त पॉडकास्टवर सापडले. भांडी घासताना ऐकायचे, इअरफोन एकाच कानात, दुसरा कान मुलाच्या खोलीकडे.

२०२२ च्या फेब्रुवारीत बोर्डाच्या तिघांना मतदारांनी घरी पाठवलं. माझंही मत त्यात होतं. दुसऱ्या दिवशी होस्टने तो आपल्याच चळवळीचा विजय म्हणून असा काही साजरा केला की मी चिडलेच. अरे बाबा, या शहरात रिपब्लिकन आहेत किती? मी मुलाच्या शाळेसाठी मत दिलं होतं, तुझ्यासाठी नाही.

मग त्याच वर्षी २४ जून. सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. होस्टचा गळा आनंदाने भरून आलेला, आणि माझी मुलगी ओट्याला टेकून रडत होती. इअरफोन काढून मिठाच्या डब्यावर ठेवला. दोन आठवड्यांनी परत लावला, खोटं कशाला बोलू?

हिरवी मिरची

मी ऐकत नाही, नवरा ऐकतो. म्हणजे मीही ऐकते, कारण त्याला हेडफोन सापडत नाहीत.

पॉडकास्टच्या जाहिरातींतले प्रोमो कोड टाकून आमच्या घरी आलेल्या वस्तू: एक गादी, दाढीचं तेल (दाढी नाही), आणि पंचवीस वर्षं टिकणाऱ्या आणीबाणीच्या जेवणाची एक बादली. ती गराजमध्ये, ख्रिसमसच्या लाइटिंगच्या शेजारी. होस्ट पाश्चात्त्य संस्कृती कशी रसातळाला चालली आहे ते सांगत असतो आणि मध्ये श्वासही न घेता गादीवर येतो. पहिल्यांदा मला वाटलं गादीही संस्कृतीचाच भाग आहे.

दुपारी ऐकलेले मुद्दे रात्री जेवताना स्वतःचे म्हणून येतात. मी ओळखते, कारण 'फ्रँकली' ने सुरू होतात. पण एक गोष्ट मान्य करते. रविवारी सगळ्यांनी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून एकत्र जेवायचं, हा नियम त्याने तिथून आणला आणि तीन वर्षं पाळतोय. सासूबाई जन्मभर हेच सांगत होत्या. त्यांच्याकडे मायक्रोफोन नव्हता.

रांगेत उभा

टेक्सास. २०१२ पासून एच-वन-बी (नोकरीचा तात्पुरता व्हिसा), आणि ईबी-टूच्या, म्हणजे नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या, रांगेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा आहे. माझ्यानंतर चार वर्षांनी रुजू झालेला ब्राझीलचा सहकारी आता मतदान करतो आणि मी दर वेळी, रांग कुठवर आली ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन उघडून तारीख बघतो.

पॉडकास्टवर कायम एक वाक्य असायचं: आमचा राग बेकायदा येणाऱ्यांवर आहे, कायद्याने रांगेत उभे राहणारे आम्हाला हवेत. मला वाटायचं, हे माझ्याबद्दलच चाललंय. मे २०२४ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची रिपब्लिकन उमेदवारी मागितलेल्या विवेक रामास्वामीच्या पॉडकास्टवर उजवी लेखिका ॲन कोल्टर पाहुणी होती. मी जिममध्ये ट्रेडमिलवर. तिने त्याला तोंडावर सांगितलं की तुझं बरंच पटतं, पण तू भारतीय आहेस म्हणून तुला मत दिलं नसतं. मी मागे नेऊन परत ऐकलं. चुकीचं ऐकलं नव्हतं. माणूस इथेच, सिनसिनाटीत जन्मलेला, आणि नंतर म्हणतो काय, तर मतभेद आहे पण बोलायचं धाडस दाखवल्याबद्दल आदर आहे. मला कोल्टरपेक्षा तेच जास्त लागलं.

त्या डिसेंबरात भारतात जन्मलेल्या श्रीराम कृष्णन यांची ट्रम्प यांचे एआयवरचे सल्लागार म्हणून नेमणूक झाली आणि एच-वन-बीवरून उजव्यांतच जुंपली. मस्क आणि रामास्वामी एका बाजूला, ट्रम्पचा जुना सल्लागार स्टीव्ह बॅनन दुसऱ्या. आठवडाभर जो एपिसोड लावावा त्यात मीच. नाव न घेता.

पुढच्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली, तेव्हा बायको आईच्या आजारपणासाठी पुण्यात होती. जुन्या व्हिसाला हे लागू नाही हे स्पष्ट व्हायच्या आत कंपनीच्या वकिलाचा मेल आला होता, लगेच परत या. तिकीट शोधता शोधता कानात होस्ट म्हणत होता, अखेर कोणीतरी केलं!

ऐकणं सोडलेलं नाही. पूर्वी बायकोला सांगताना 'आपले लोक म्हणतात' असं यायचं. आता 'ते म्हणतात' येतं. तिने ते माझ्याआधी टिपलं.

तिसरा मजला

वरच्यांबद्दल सहानुभूती आहे, पण मला खटकत नाही. मी २००९ ला नागरिक झालो. दार किती उघडायचं हे घरच्यांनी ठरवावं, आणि ठरवताना ते वेडंवाकडं बोलणारच. मुंबईत बाहेरून येणाऱ्यांबद्दल आपण काय बोलायचो, आठवा जरा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता म्हणून वाचलो. (सासूबाईंकडून उसना.)

बोरकूट

माझा प्रवास उलटा. २०२० च्या निकालानंतर निवडणूक चोरली, चोरली ऐकून कंटाळलो आणि ट्रम्पवर टीका करणारा कॉन्झर्व्हेटिव्ह लेखक जोना गोल्डबर्ग, त्याच्या 'द रेम्नंट'वर आलो. फॉक्स न्यूजच्या टकर कार्लसनने ६ जानेवारीवर, म्हणजे संसदेवरच्या हल्ल्यावर, केलेल्या मालिकेच्या निषेधार्थ गोल्डबर्गने २०२१ च्या नोव्हेंबरात फॉक्सचं काम सोडलं. आता रिपब्लिकन मित्र म्हणतात हा कसला कॉन्झर्व्हेटिव्ह, आणि डेमोक्रॅट मित्र म्हणतात शेवटी तुम्ही तसलेच. मध्येच तो आपल्या कुत्र्यांवर घसरतो, तेव्हा बरं वाटतं.

धागाकर्ता

सगळे प्रतिसाद वाचले. ओहायोकर, तुमचा दोनदा.

माझंही एक राहिलं होतं. मुलगा कॉलेजात आहे, माझ्या प्रत्येक पॉडकास्टच्या विरोधात. कॉलेजांत जाऊन पोरांशी वाद घालणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह चार्ली कर्कचं नाव काढलं तरी डोळे फिरवायचा. त्याच्या कॅम्पसवर कर्क येणार अशी अफवा उठली तेव्हा फलक रंगवायला बसला होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, आधी ऐकून तर घे.

१० सप्टेंबर २०२५ ला, कर्कला गोळी घालून मारलं त्या दिवशी, मी पार्किंगमध्येच होतो. मुलाचा फोन, आणि तो सहसा मेसेजच करतो. 'बाबा, ऐकलंत का? यूटात. कर्क.' मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला, 'त्याला दोन लहान मुलं आहेत.' आणि गप्प. मीही गप्प. मागे त्याच्या रूममेटचा आवाज येत होता, कोणीतरी दार आपटलं. पाचेक मिनिटं आम्ही नुसते फोन धरून बसलो असू. मग त्याने विचारलं, 'तुम्ही गाडी चालवत नाही आहात ना?'

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने ॲप उघडलं. कर्कचा आदल्या आठवड्यातला एक भाग अर्धवट ऐकून राहिला होता. खाली लिहिलेलं, ३८ मिनिटं बाकी. अजून तसाच आहे.