मदत हवी आहे: खरं ख्रिसमस ट्री पाणीच पीत नाहीये

यंदा प्लास्टिकचं नको म्हणून खरं, कापलेलं फरचं झाड आणलंय, बुंधा साधारण ४ इंच जाड. सुरुवातीला स्टँडमधलं पाणी भराभर संपायचं, आता मात्र ओतलं तेवढंच तसंच दिसतं आणि फांदीवरून हात फिरवला की सुया खाली, आतल्या बाजूच्या तर पार तपकिरी झाल्यात. बुंध्याच्या दर इंचामागे दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं ना? आणि कापलेला भाग मधे कधी उघडा पडून सुकला की त्यावर राळ धरते नि मग पाणी वर चढत नाही, तसंच झालं असेल का? मग सगळी सजावट उतरवून खालून परत इंचभर कापायचं (घरचे मला फाडून खातील), की दुसरा काही उपाय आहे? कोणी साखर टाक म्हणतं कोणी ॲस्पिरिन, मला तर साधं पाणीच बरं वाटतं. हीटरपासून लांब आहे, माळा एलईडीच्या. आणि मेन म्हणजे इतकं सुकत चाललेलं झाड लाइट लावून ठेवणं सेफ आहे का, का सरळ बाहेर काढू? ज्यांनी खरं झाड ठेवलंय त्यांनी प्लीज सांगा.