नाइस म्हणजे बरां?

मालवणात आत्याने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्यात. निघताना लोक अभिप्राय लिहितात, त्यासाठी ओटीवर एक वही आहे. परवा ती चाळत आत्याने विचारलं, "ह्यां नाइस म्हणजे काय रे? सगळे तांच लिवतत." खरंच, एकाच पानावर माशाचं तिखलं नाइस, खोली नाइस, समुद्र नाइस आणि खळ्यातला कुत्रासुद्धा नाइस.

"बरां," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर अडकलो.

'नाइस'चं मूळ लॅटिन 'नेस्कियुस'. 'ने' म्हणजे नाही, 'स्किरे' म्हणजे जाणणं, थोडक्यात, अडाणी. 'सायन्स'ही याच 'स्किरे'चा, म्हणजे नात्याने भावंडंच. जुन्या फ्रेंचमधून १३००च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख. मग लाजरा, नखरेल, चोखंदळ, नाजूक, काटेकोर असं करत करत १८व्या शतकात स्वारी 'छान' झाली. चोखंदळपणाची खूण अजून शिल्लक आहे: 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान भेद नव्हे, चटकन न दिसणारा बारीक फरक. (फ्रान्समधल्या नीस शहराचं स्पेलिंग तेच, पण ते नाव ग्रीक 'विजया'वरून आलंय.)

आपला 'बरा' मात्र उतरणीला लागला. संस्कृत 'वर' म्हणजे श्रेष्ठ, त्यातून तो आला असं मानतात. मालवणीत त्याचा मान अजून टिकून आहे. "जेवाण बरां झालां" ही शाबासकी. घाटावर त्याच शब्दात 'चालेल इतपत' ऐकू येतं. पुण्याची वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा बांगड्याचं तिखलं चाखून "बरं आहे" म्हणाली. तिरफळांचा वास तिला झेपला नव्हता, पण तोंडावर कसं सांगणार? आत्या खूश. लगेच आणखी दोन तुकड्या पानात! वहिनीने त्या सोलकढीच्या घोटाबरोबर कशाबशा ढकलल्या.

आता वहीतला 'नाइस' पुण्याचा 'बरं' की मालवणचा 'बरां'? मला तर आजचा 'नाइस' पुण्याकडेच झुकलेला वाटतो. कुत्र्यापासून समुद्रापर्यंत सगळ्यांना एकच शब्द म्हटल्यावर तो झिजणारच. आत्याला अर्थात मी मालवणचाच अर्थ सांगितला.

राजापूर, रत्नागिरी, दापोलीकडे 'बरा' नेमका कुठल्या बाजूला पडतो? तिकडच्यांनी घरात बोलतात तसं एखादं वाक्य द्यावं.