मदत हवी आहे: क्रीटचा पश्चिम किनारा गाडी न घेता होईल का?

मृण्मयी_प
नमस्कार मंडळी. ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचं ठरलंय, दिवाळीच्या सुट्टीत. तिकिटं या शनिवार-रविवारी काढायचीच आहेत, म्हणून घाईने विचारतेय. हेराक्लिओनला उतरावं की हानियाला? एलाफोनिसी, बालोस हे समुद्रकिनारे आणि दक्षिणेकडची ती रस्ता नसलेली गावं बघायची आहेत. बसचं वेळापत्रक उघडलं तर निम्म्या गावांची नावंच दिसत नाहीत. गाडी न घेता जमेल का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळे बघून झालेत.

केदार_
दिवाळीची सुट्टी म्हणजे नक्की कुठल्या तारखा? ऑक्टोबर की नोव्हेंबर? त्या पंधरा दिवसांत तिथलं सगळं चित्र बदलतं. आणि बरोबर कोण कोण आहे?

श्रीरंग१९५८
शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. विमा, बँकेचे कागद तयार ठेवा. बरेच जण तिथेच अडकतात.

मृण्मयी_प
काका, व्हिसा झालाय, धन्यवाद. केदार, ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा. मी, नवरा आणि आई. आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

सह्यवेडा
गाडीच घ्या. बसवर अवलंबून राहिलात तर गावं बसच्या काचेतूनच बघाल. आम्ही फिरलो तेव्हा एलोसला चेस्टनटच्या झाडांखाली मनाला येईल तितका वेळ थांबलो, पुढे ख्रिसोस्कालितिसाच्या मठात डोकावलो आणि तिथून एलाफोनिसी पाच-सहा किलोमीटर. बसवाल्यांना हे सुख नाही.

अनुजा_म्युनिक
सह्यवेडा, त्यांनी गाडी न घेता जमेल का असं विचारलंय. मृण्मयी, आधी हे सांग, घरात आंतरराष्ट्रीय परवाना कोणाकडे आहे का? भारतीय परवान्यावर गाडी घ्यायची तर तो लागतो. आरटीओत मिळतो, एक वर्ष चालतो. तिथे गाडी उजव्या बाजूने हाकायची आणि डोंगरातल्या वळणावर शेळ्या आडव्या येतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी सांगून ठेवावं लागतं.

मृण्मयी_प
परवाना नाही. नवऱ्याला परक्या देशात घाटात गाडी चालवायची नाही, म्हणूनच विचारलं ना.

चिन्मय_द
मग क्रीट सोडा, सिसिली करा. क्रीटवर रेल्वेच नाही. सिसिलीत पालेर्मोहून चेफालूला लोकलसारखी गाडी मिळते, रूळ समुद्राला धरून जातात, आईंना काहीच त्रास नाही.

केदार_
चिन्मय, सिसिली छान आहे, पण त्यांचं ठरलंय क्रीट. मृण्मयी, आता तारखा कळल्या म्हणून नीट सांगतो.

दक्षिण किनाऱ्यावर श्वेतगिरी या डोंगररांगेचे कडे थेट समुद्रात उतरतात, त्यामुळे तिथे किनाऱ्याला धरून जाणारा सलग रस्ताच नाही. पालेओहोरा, सूया, आयिया रुमेली, लुत्रो, होरा स्फाकिओन ही गावं बोटीने जोडलेली आहेत. यातल्या आयिया रुमेलीला आणि लुत्रोला गाडीरस्ता मुळातच नाही. म्हणजे गाडी घेतली असती तरी ती होरा स्फाकिओनला उभी करून बोटच धरावी लागली असती. पण ऑक्टोबर संपला की बोटी आठवड्यातले मोजकेच दिवस सुटतात, तेही समुद्र शांत असेल तर. लुत्रोतली बहुतेक हॉटेलं तेव्हा बंद असतात. सामारियाची घळ 1 मे ला उघडते आणि ऑक्टोबरअखेर बंद होते. ती सोळा किलोमीटरची उतरण आईंच्या गुडघ्यांना तशीही नको.

म्हणून सहलीचे पहिले दिवस, ऑक्टोबरमधले, दक्षिणेला द्या. हानियाहून बसने पालेओहोरा. ते गाव हिवाळ्यातही जागं असतं, दुकानं, बेकरी चालू असतात. आधी पुढे जाऊन मग हानियात विसावा. उलट क्रम केलात तर नोव्हेंबरात दक्षिणेला नुसत्या बंद खिडक्या दिसतील.

सह्यवेडा
बालोस राहिलं की!

केदार_
किसामोस गावाहून बालोसला सुटणाऱ्या बोटी आणि एलाफोनिसीची थेट बस, दोन्ही हंगामापुरत्या. ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर निघण्याआधी खात्री करा. बालोसचा कच्चा रस्ता भाड्याच्या गाडीच्या विम्यात बहुधा बसत नाही, शिवाय वाहनतळापासून खाली पायऱ्या आहेत. आईंसाठी फालासार्ना बघा. डांबरी रस्ता पार किनाऱ्यापर्यंत जातो, लांबलचक वाळू आहे. किसामोसहून टॅक्सी करा.

पुराणवस्तू
फालासार्नाला जाताय तर प्राचीन बंदर चुकवू नका! किनाऱ्याच्या उत्तर टोकाला आहे. इ.स. 365 च्या भूकंपात क्रीटचं पश्चिम टोक कित्येक मीटर वर उचललं गेलं. जिथे नावा उभ्या राहायच्या ती गोदी आज कोरड्या जमिनीवर आहे, भिंती आणि बुरूज स्पष्ट दिसतात. मी तिथे दुपारभर रेंगाळलो. तेवढा वेळ मी क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्यालाही दिला नाही.

अनुजा_म्युनिक
खाण्याचं कोणी बोललं नाही. शाकाहारी माणसाची क्रीटमध्ये चंगळ असते. दाकोस, म्हणजे जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर लिंबू. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यिगांदेस, भाज्यांचं ब्रियाम. दुकानात 'निस्तिसिमो' म्हणजे उपासाचं असं सांगितलं की झालं.

केदार_
तेवढ्यावर विसंबू नका. त्यांच्या उपासाला मांस, दूध, अंडं वर्ज्य असतं, पण ऑक्टोपस आणि शिंपल्या चालतात. 'मांस नको, मासे नकोत, अंडं नको' असं तिन्ही स्पष्ट सांगा. येमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो, त्यात खिमा आहे का हे दर वेळी विचारा.

अनुजा_म्युनिक
हो, हे खरंच. ऑक्टोपसचं माझ्या डोक्यात आलं नाही. अजून एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. संध्याकाळी साडेपाचच्या आसपास अंधार. परतीची बस त्या हिशेबाने धरा. नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी सुरू होते, झाडांखाली जाळ्या पसरलेल्या असतात. आनो वुवेसचं जुनं ऑलिव्हचं झाड आईंना दाखवा, खोड आतून पोकळ आहे आणि अजून फळ धरतं. अथेन्सच्या 2004 च्या ऑलिम्पिकला त्याच्या फांद्या नेल्या होत्या.

मृण्मयी_प
सगळ्यांचे मनापासून आभार. अथेन्समार्गे हानियाची तिकिटं काढतेय, आधी पालेओहोरा, मग हानिया. एकच राहिलं, हानियात जुन्या बंदराशी राहावं की बस स्थानकाजवळ?

केदार_
जुन्या बंदराकडची व्हेनिशियन घरं देखणी, पण उंच आणि अरुंद. जिने उभे आणि लिफ्ट क्वचित. तळमजल्याची खोली मिळते का ते विचारून घ्या. नाहीतर बस स्थानकाजवळ राहा, तिथून बंदर चालत दहा मिनिटांवर आहे.