‘इन्ट्रिन्सिक मल्टिफेरोइक’साठी मराठी शब्द: शुद्ध, आंतरिक, अंगभूत की अंगचे?

स्फटिकरेषा
मराठी लेखात हे वाक्य आणायचे आहे: ऑरिव्हिलियस गटातल्या ऑक्साइडच्या पातळ फिल्ममधले मल्टिफेरोइक वर्तन (एकाच पदार्थात चुंबकत्व आणि उलटवता येणारे विद्युत ध्रुवण) ‘इन्ट्रिन्सिक’, म्हणजे त्या पदार्थाचे स्वतःचे, आहे का, याची पडताळणी. ‘इन्ट्रिन्सिक सेमिकंडक्टर’ला ‘शुद्ध अर्धसंवाहक’ म्हणतात, तर इथेही ‘शुद्ध’ चालेल का? दुसरी अडचण अशी की स्फटिकातल्या ‘लेयर’लाही थर म्हणायचे आणि फिल्मलाही थर, तर ‘थरयुक्त ऑक्साइडचा पातळ थर’ असे काहीतरी तयार होते.

पदर
दुसऱ्या अडचणीला मराठीत सोपी वाट आहे. पोळीला पदर सुटतात, चिरोट्याला पदर असतात. स्फटिकाच्या आतल्या रचनेला ‘पदर’ म्हणा आणि वर चढवलेल्या फिल्मला ‘थर’ किंवा सरळ ‘फिल्म’. ऑरिव्हिलियस रचनेला हे नेमके बसते, कारण तिच्यात बिस्मथ ऑक्साइडचा एक पदर, मग पेरोव्स्काइट या स्फटिकरचनेचे काही मजले, पुन्हा बिस्मथ ऑक्साइडचा पदर असा क्रम असतो. ‘पदरी ऑक्साइडची फिल्म’ यात गोंधळ राहत नाही.

मोजमाप
‘शुद्ध’ मात्र नको, त्याने अर्थ उलटा होतो. अर्धसंवाहकात इन्ट्रिन्सिक म्हणजे बाहेरचे मूलद्रव्य न घातलेला. इथे मँगनीज मुद्दाम घालतात आणि तरीही वर्तन इन्ट्रिन्सिक ठरू शकते. अट एवढीच की लोह आणि मँगनीज पेरोव्स्काइटच्या मजल्यातल्या आपापल्या जागांवर बसलेले हवेत. तेच लोह वेगळे होऊन स्पिनेलचा, म्हणजे मॅग्नेटाइटसारखा, कण झाला की चुंबकत्व त्या कणाचे होते, फिल्मचे नव्हे. मूलद्रव्य तेच असते, फरक पडतो तो जागेने. म्हणून ‘अंगचे’ आणि ‘उसने’ ही जोडी मला सगळ्यात नेमकी वाटते. ‘वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीतली शंकाच इथे तपासायची असते: हा गुण वाणाचा आहे की शेजाऱ्याचा?

स्फटिकरेषा
‘अंगचे’ औपचारिक लेखात बोलीतले वाटणार नाही ना? आणि शेजारी एवढासा असताना त्याचा एवढा धाक का?

मोजमाप
शीर्षकात ‘अंगभूत’ घ्या, मजकुरात ‘अंगचे/उसने’. धाकाचे कारण आकड्यांत दिसते. २०१३ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या टिंडल संस्थेतून पाच मजल्यांच्या बिस्मथ-टायटॅनियम-लोह-मँगनीज ऑक्साइडच्या फिल्मवरचे काम प्रसिद्ध झाले. खोलीच्या तापमानाला संपृक्त चुंबकन, म्हणजे क्षेत्र वाढवले तरी ज्यापुढे जात नाही ते, ०.७४ ईएमयू (चुंबकत्वाचे एकक) प्रतिग्रॅम मिळाले. मॅग्नेटाइटचे असते सुमारे ९२. म्हणजे वजनाने ०.८ टक्के मॅग्नेटाइट लपलेले असले तरी हा सगळा संकेत उसना ठरतो. नेहमीच्या एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणारी तपासणी) एक-दोन टक्क्यांखालची दुसरी प्रावस्था, म्हणजे वेगळ्या रचनेचा पदार्थ, सहसा दिसतच नाही. त्यामुळे ‘एक्सआरडी स्वच्छ आहे’ एवढ्यावर ‘अंगभूत’ लिहू नये.

मोजणीतले धोके वेगळेच. समजा नीलमाच्या ५ × ५ मिमी, अर्धा मिमी जाड तुकड्यावर १०० नॅनोमीटरची फिल्म आहे. फिल्मचे वजन साधारण २० मायक्रोग्रॅम भरते आणि ०.७४ धरले तर संकेत १.५ × १०⁻⁵ ईएमयू. एक टेस्लाला नीलमाचा स्वतःचा प्रतिचुंबकीय संकेत याच्या दहापट, तोही उणे. फिल्मच्या संकेताएवढाच धन संकेत द्यायला शुद्ध लोखंडाचा २६ मायक्रॉन व्यासाचा एक कण पुरतो, केसाहून बारीक. म्हणून पोलादी चिमटा वर्ज्य, प्लॅस्टिकचा किंवा सिरॅमिकचा घ्यावा. फिल्म न चढवलेला तुकडा त्याच भट्टीत, त्याच वेळापत्रकाने भाजून आधी मोजावा. भाजताना मागे लावलेले सिल्व्हर पेंट आणि कापलेल्या कडा साफ कराव्यात.

पदर
यात तापमानाची कसोटी जोडा. मॅग्नेटाइटचा क्युरी बिंदू, म्हणजे ज्यावर त्याचे लोहचुंबकासारखे चुंबकत्व जाते ते तापमान, सुमारे ५८५ अंश सेल्सिअस, आणि १२० केल्विनजवळ त्याची व्हर्वे संक्रमणाची (थंड होताना रचना बदलण्याची) खूण दिसते. कण अगदी बारीक असले की ती खूण पुसट होते. तेव्हा खूण दिसली तर मॅग्नेटाइट आहे, पण दिसली नाही म्हणून नाही असे म्हणता येत नाही.

भाषांतरटीप
‘इन्क्लूजन’ला, म्हणजे फिल्ममध्ये अडकलेल्या अशा परक्या कणाला, कोणी ‘भेसळ’ सुचवले तर घेऊ नका, भेसळ माणूस करतो. तांदळातला ‘खडा’ जवळचा आहे. ‘फेरोइलेक्ट्रिक’ला (ज्याचे आपसूक असलेले ध्रुवण विद्युत क्षेत्राने उलटवता येते) ‘लोहविद्युत’ लिहिलेले दिसते, तेही इथे दिशाभूल करते. १९२० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व्हॅलासेक यांना हा गुण सापडला तो रोशेल क्षारात, ज्यात लोह नाही. बेरियम टायटॅनेटमध्येही नाही. या फिल्ममध्ये तर लोह खरेच आहे, पण ते चुंबकत्वासाठी. ‘लोहविद्युत’ वाचून वाचक ध्रुवणाचे श्रेय लोहाला देईल. ‘फेरोइलेक्ट्रिक’च ठेवा.

स्फटिकरेषा
खडे नाहीत हे सिद्ध कसे करायचे? ‘एकही दिसला नाही’ म्हणजे किती पाहिल्यावर?

मोजमाप
इथेच ‘सिद्ध’ सोडून ‘पडताळणी’ लिहायचे. स्पिनेल हलके असल्यामुळे वजनाचे ०.८ टक्के आकारमानाने सव्वा टक्क्याच्या आसपास जातात. हद्द एक टक्का धरली आणि यादृच्छिक निवडलेल्या, एकमेकांवर न अवलंबणाऱ्या ५२७ बिंदूंवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप व ईडीएक्सने (क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखणारी तपासणी) एकही खडा सापडला नाही, तर ९९.५ टक्के विश्वासपातळीने प्रमाण एक टक्क्याखाली आहे असे म्हणता येते (०.९९ चा ५२७वा घात ०.००५). कॉर्कच्या कामातही विश्वासपातळी ९९.५ टक्केच दिली आहे. अट ‘यादृच्छिक’ या शब्दात आहे. भाजताना बिस्मथ उडते, मागे लोहाने समृद्ध कण उरतात, आणि ते पृष्ठभागाशी गोळा झाले असतील तर मधलेच छेद पाहून हिशेब फसतो.

पदर
विद्युत बाजूलाही ‘उसने’ असते. वीज गळणाऱ्या नमुन्यातही फेरोइलेक्ट्रिकसारखा लूप, म्हणजे क्षेत्र आणि ध्रुवण यांच्या आलेखातला बंद फेरा, येतो. २००८ साली भौतिकशास्त्रज्ञ जे. एफ. स्कॉट यांनी केळ्याच्या सालीचा लूप छापून हेच दाखवले. म्हणून गळती वजा करणारी पंड स्पंदचाचणी घ्यावी. पीएफएममध्ये (बारीक टोकाच्या सुईने ध्रुवण तपासणारी सूक्ष्मदर्शी) लूप क्षेत्र बंद असताना वाचावा. या पदरी रचनेत मुख्य ध्रुवण पदरांच्या पातळीतच असते, म्हणून आडवा पीएफएम संकेत आधी पाहावा.

भाषांतरटीप
मग चुंबकीय क्षेत्राने ध्रुवण उलटले की ‘अंगभूत मल्टिफेरोइक’ लिहायला हरकत नाही?

मोजमाप
तेवढ्यावर नाही. स्पिनेलचा कण चुंबकीय क्षेत्रात किंचित ताणला जातो आणि शेजारच्या फेरोइलेक्ट्रिकला ढकलतो, म्हणजे जोडणीही उसनी असू शकते. फिल्मच्या ज्या स्फटिककणात ध्रुवण उलटले त्याच स्फटिककणाचा छेद घेऊन तिथे खडा नाही हे पाहिलेले असेल, तरच ‘अंगभूत’. नाहीतर ‘मल्टिफेरोइक वर्तन आढळले’ एवढेच लिहावे.