सरावात सगळ्यांना सारखा वाटा मिळावा का?

मैदानाबाहेरून
सामन्यात कोणाला खेळवायचं यावर वाद घालायला हा धागा काढलेला नाही. तो वाद कधी संपत नाही, आणि मोठ्या वयोगटात चांगले खेळणारेच उतरणार हे मला मान्य आहे. माझं म्हणणं सरावाबद्दल आहे. निवड गुणवत्तेवर करा, शिकवणं मात्र गुणवत्ता बघून वाटू नका.

कुठलाही सराव कडेला उभं राहून बघा. प्रात्यक्षिक दाखवायला दर वेळी तेच दोघे-तिघे पुढे. चुकले की त्यांना 'कोपर वर ठेव, आधी पाय वळव' असं नेमकं सांगितलं जातं. बाकीच्यांच्या वाट्याला 'शाबास, चालू दे' किंवा 'लक्ष कुठंय?' येतं. या दोन्हीतून शिकण्यासारखं काहीच हाती लागत नाही. शिवाय 'बाद झाला तो बाहेर' छापाचे खेळ आहेतच. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तो पहिल्याच मिनिटाला बाहेर बसतो, आणि ज्याला सगळं येतं तो शेवटपर्यंत खेळतो! दोन कर्णधारांनी एकेक गडी मागून घ्यायची पद्धतही अजून चालूच आहे. शेवटी कोणतं पोर उरणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्या पोरालासुद्धा.

मग हंगाम संपताना प्रशिक्षक म्हणतात, 'बघा, या दोघांत आणि बाकीच्यांत केवढा फरक आहे.' अहो, त्यातला थोडा तुम्हीच पाडलाय.

शिट्टी
असहमत. मी स्वतः शिकवतो, म्हणून जरा हिशेब मांडतो. समजा तीस मुलं, दीड तास आणि प्रशिक्षक एकटा. हजेरी, वॉर्म-अप, पाणी, भांडणं सोडवणं यात वीस मिनिटं सहज जातात. उरलेली सत्तर मिनिटं तिसांत वाटली तर प्रत्येकाला अडीच मिनिटंही येत नाहीत. एवढ्या वेळात कोणाचीच फेक सुधारत नाही. सगळ्यांना समान, म्हणजे सगळ्यांना शून्य.

आणि लक्ष 'लाडक्यांकडे' जातं हा तुमचा सूर मला खटकतो. माझं लक्ष कष्टाकडे जातं. जो आधी येतो, सांगितलेलं घरी करून बघतो, दुसऱ्या दिवशी शंका विचारतो, त्याला जास्त वेळ दिला तर तो अन्याय कसा? उलट त्याला बाकीच्यांच्या वेगाने चालायला लावणं हा अन्याय. ती मुलं कंटाळून निघून जातात, पण त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

डिसेंबरचा
शिट्टी, वेळेचा हिशेब बरोबर. पण 'गुणवत्ता' आपण कशाला म्हणतो ते बघा. कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकीच्या वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेली मुलं प्रमाणाबाहेर जास्त आहेत, हे तिथल्या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं. वयोगटाची तारीख १ जानेवारी, एवढंच कारण. जानेवारीतला मुलगा त्याच गटातल्या डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. दहाव्या वर्षी त्यामुळे उंचीत, ताकदीत आणि समजुतीत केवढा फरक पडतो! तो निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात, आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस होतो. फुटबॉलसह इतर अनेक खेळांत नंतर हेच आढळलं.

त्यात वयात येण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा. तेराव्या वर्षी एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसरा अजून लहान मूल असतो. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्या म्हणून अधूनमधून मुलांचे गट जन्मतारखेऐवजी शारीरिक वाढ बघून करतात. त्यात लवकर वाढलेल्या मुलाला नुसत्या अंगाच्या जोरावर भागवता येत नाही, त्यालाही डोकं लावावं लागतं. म्हणजे फायदा दोघांचा.

(सदस्यनामावरून अंदाज आलाच असेल. हो, आमचा महिना शेवटचा.)

सडेतोड
झालं, आता संघ निवडताना जन्मदाखला मागायचा! खेळ म्हणजे स्पर्धा. कोणी जिंकतो, कोणी हरतो, आणि हरायला शिकणं हेही शिक्षणच आहे. सगळ्यांसाठी सगळं सोपं करत गेलं की तयार होतात ती पहिल्याच पराभवात कोलमडणारी मुलं.

दोरीवरची उडी
'सोपं करणं' म्हणजे नेमकं काय? बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटरवर असते, मिनी-बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर येते, चेंडूही लहान होतो. टेनिसमध्ये २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धा नेहमीच्या पिवळ्या चेंडूने होत नाहीत, लाल, नारिंगी किंवा हिरव्या, कमी उसळणाऱ्या चेंडूंनी होतात. नेहमीचा चेंडू लहान मुलाच्या डोक्यावरून उसळतो, मग कसाबसा मारायची सवय लागते आणि पुढे ती मोडता मोडत नाही. स्पर्धा यात कुठे कमी झाली?

नॉर्वेने १९८७ मध्येच मुलांच्या खेळांसाठी नियम केले. अकरा वर्षांखालच्यांचे निकाल आणि क्रमवाऱ्या जाहीर करायच्या नाहीत, तेरा वर्षांखाली राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. त्याच नॉर्वेने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेतली. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये इतकी सुवर्णपदकं त्याआधी कोणत्याही देशाला मिळाली नव्हती.

सडेतोड
नॉर्वेचं उदाहरण येणार हे माहीत होतं. दाराबाहेर बर्फ, खिशात पैसा, आणि देशभर पसरलेले क्लब. क्रमवारी न लावल्यामुळे पदकं मिळाली हे कशावरून? क्रमवारी असूनही भरपूर पदकं मिळवणारे देश आहेतच की. चेंडूचा मुद्दा मात्र मान्य, ते साधन झालं.

दोरीवरची उडी
'कशावरून' हे बरोबर आहे. नियमांमुळे पदकं मिळाली असा दावा मीही करणार नाही. पण असे नियम केले की अव्वल खेळाडू तयारच होत नाहीत, ही भीती तरी तिथे खरी ठरलेली नाही.

दोन मुलींची आई
चर्चेत आत्तापर्यंत सगळे 'तो'च आहेत, म्हणून लिहिते. मुलींना 'अगदी मुलांसारखंच' शिकवतो असं प्रशिक्षक मोठ्या अभिमानाने सांगतात. पण दिशा झटकन बदलण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त आहे. उडी मारून नीट उतरणं, तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांचा समावेश असलेला वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप फुटबॉलसाठी तयार आहे आणि त्याने दुखापती कमी होतात हे तपासलेलं आहे. तो नियमित करून घेणारे किती? 'वेळ नाही' म्हणून सगळ्यात आधी तोच कापला जातो.

दुसरी गोष्ट पाळीची. प्रशिक्षकाला सांगायचं कसं, म्हणून मुली सरावच बुडवतात आणि त्यांच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडतो. (शिट्टी, तुमच्या कष्टाच्या मोजमापात हे कुठे बसतं?) पांढऱ्या कपड्यांसाठी हट्टी असलेल्या विम्बल्डननेही २०२३ पासून महिलांना आत गडद रंगाची शॉर्ट्स घालायची मुभा दिली. गणवेशाचा रंग बदलायला काय लागतं? विचारायला हवं, एवढंच.

शिट्टी
कपड्यांचं आणि वॉर्म-अपचं पटलं. गैरहजेरीचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, खरं सांगतो.

पण आता अपंगत्वाचा मुद्दा येईल, म्हणून आधीच विचारतो. ज्याला ऐकू येत नाही असं मूल तीस जणांच्या गटात घेतलं आणि शिट्टी न कळल्यामुळे त्याची टक्कर झाली तर जबाबदार कोण? सर्वसमावेशक म्हणायला छान वाटतं, पण त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं आणि ते आम्हाला कोणी देत नाही.

चाकावरचा
मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. शिट्टीबरोबर हातही वर करा आणि हात वर दिसला की सगळ्यांनी थांबायचं असा नियम गटाला लावा. खर्च शून्य. ज्यांना नीट ऐकू येतं त्यांचाही गोंगाटात फायदा. सूचना देताना तोंड मुलांकडे ठेवा, फळ्याकडे नको. सगळ्याच गोष्टी इतक्या स्वस्त नसतात, हे मान्य. अंध धावपटूला सोबत धावणारा साथीदार लागतो, आणि तो निदान त्याच्याइतक्या वेगाचा असावा लागतो. पण बहुतेक प्रशिक्षक स्वस्तातल्या गोष्टींपर्यंतही पोचत नाहीत. 'जबाबदार कोण' या प्रश्नाशीच गाडी थांबते, आणि मूल परत जातं. त्या मुलाला 'तुला काय जमतं, काय लागेल' असं कोणी विचारलेलंही नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे. आमच्या खेळात प्रत्येक खेळाडूला हालचालीच्या क्षमतेनुसार १.० ते ४.५ गुण असतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. म्हणजे कमी क्षमतेचे, कमी गुणांचे खेळाडू संघात असावेच लागतात, आणि ज्या प्रशिक्षकाने त्यांना वाट अडवायला, जागा मोकळी करायला नीट शिकवलं त्याचा संघ जिंकतो. इथे कोणी दया करत नाही. नियमच असा आहे की कोणाला बाजूला टाकून जिंकता येत नाही.

सडेतोड
हा पहिला प्रतिसाद ज्यावर मला वाद घालता येत नाहीये. पण यातून सिद्ध होतं ते माझंच! प्रशिक्षकाच्या चांगुलपणावर काही चालत नाही, स्पर्धेच्या नियमावर चालतं.

मैदानाबाहेरून
असेल तसं. मग मुलांच्या स्पर्धांत नियम करा, यादीतल्या प्रत्येकाने किमान ठरावीक वेळ खेळलंच पाहिजे. पुढच्या आठवड्यात अमुक जण खेळणार हे पक्कं असेल तर प्रशिक्षक त्याला सरावात आपोआप शिकवेल. शिट्टी, तुमच्या अडीच मिनिटांबद्दल: लक्ष म्हणजे फक्त एकास एक शिकवणं नव्हे. तीस जणांची एक रांग लावून एक चेंडू फिरवला तर प्रत्येक जण बहुतेक वेळ उभाच. चार-चारचे गट आणि प्रत्येक गटाला चेंडू दिला तर तुम्ही जवळ नसतानाही सराव होतो.

शिट्टी
तेवढे चेंडू असले तर.

बरं, माझ्यापुरतं सांगतो. बाद करणारे खेळ आणि कर्णधारांनी गडी मागणं, दोन्ही बंद करायला माझी हरकत नाही. बाद झालेल्याने पाच उड्या मारून परत आत यायचं, हे आजही करता येईल. लहान गटांत सगळ्यांना खेळवायच्या नियमालाही हो, पण तो समोरच्या संघालाही लागू हवा. मी एकट्याने पाळला तर मी हरतो, आणि पुढच्या हंगामात पालक मुलांना दुसरीकडे नेतात. सोळाच्या वर मात्र समान वेळ मला मान्य नाही.

मैदानाबाहेरून
सोळाच्या वर मीही सामन्याचा वेळ समान मागत नाहीये, पहिल्या परिच्छेदात तेच लिहिलंय. पालकांचं म्हणाल तर प्रशिक्षकाचं मोजमापच बदलायला हवं. किती सामने जिंकले याच्या शेजारी, पुढच्या हंगामात किती मुलं परत आली हाही आकडा लावा.

शिट्टी
मुलं परीक्षेमुळे सोडतात, घर बदललं म्हणून सोडतात, शुल्क परवडत नाही म्हणून सोडतात. तो आकडा माझ्या नावावर लावणार असाल तर आधी शुल्क कोण ठरवतं ते विचारा. मी ठरवत नाही.

दोन मुलींची आई
शुल्काचा धागा वेगळा काढा. तिथे मला बरंच बोलायचं आहे.