दंड पहिलवानाचे, चेहरा बाहुलीचा: फँटसी गेममधल्या बलदंड नायिकांबद्दल

वाघूरकाठ (भुसावळ)
आपल्याकडची नवी मुलं फँटसी गेमसाठी पात्रं काढतात, ती मी आवडीने पाहते. हात चांगला आहे, पण एक गोष्ट सारखी खटकते. नायिका बलदंड हवी म्हणून दंड, मांड्या, पोटावरचे सहा गड्डे मन लावून काढतात आणि मानेपासून वर एकदम दुसरीच बाई सुरू होते: टोकदार हनुवटी, भलेमोठे डोळे, काडीसारखी मान. जड परशू रोज पेलणाऱ्या बाईची मान जाडच होणार, कानाखालून खांद्यापर्यंत स्नायूंचा उतार दिसणारच. तो काढला तर ती पुरुषी दिसेल या भीतीने चेहरा नाजूक ठेवतात.

माझ्या मते बलदंड बाईची मोहकता तिच्या वजन पेलण्याच्या ढबीत असते. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला डोक्यावर पाट घेऊन निघालेल्या बायका बघा. मान ताठ, नजर समोर, सगळा तोल कमरेत, आणि पावलं मात्र वाजंत्रीवर चाललेली. चित्रकाराने स्केचबुक घेऊन तिथे उभं राहावं. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या गेममधली योद्धा कार्लाख लोकांना एवढी का आवडली? एक शिंग तुटलेलं, खांदे रुंद, छातीत हृदयाच्या जागी नरकातलं धगधगतं इंजिन. तिला माणसांना मिठी मारायची असते, पण अंगाच्या आगीमुळे सुरुवातीला ती कुणाला हातही लावू शकत नाही. तिचे दंड बारीक केले असते तर ती ओढ अर्धी झाली असती.

चोपड्याचा वाचक
ताई, मानेचं पटलं. पण मोहक असण्याची अट मुळात कशाला? २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा गेम आला तेव्हा त्यातल्या ॲबी या लढवय्या बाईच्या दंडांवरून केवढा गदारोळ झाला होता. बाईचं शरीर असं असूच शकत नाही, म्हणत होते लोक. ते शरीर क्रॉसफिट (वजनं उचलणं, धावणं असा मिश्र व्यायामप्रकार) खेळणाऱ्या एका खऱ्या बाईवरून घेतलेलं होतं! ॲबी लाघवी नाही, ती सुडाने पेटलेली आहे आणि कथेला ते पुरतं. बलदंड बाई चालेल पण ती आवडायलाही हवी, असं म्हटलं की तिला परवानगी देणारे तेच लोक राहतात.

वाघूरकाठ
भाऊ, पुरुष योद्ध्यालाही हे सगळं देतातच की. खळखळून हसणं, जुन्या जखमेची गोष्ट, पायाशी घुटमळणारं कुत्रं. त्याला कुणी मोहकता म्हणत नाही एवढंच. खेळणारा तासन् तास तिच्यासोबत काढणार आहे, ती त्याच्या मनात शिरायला नको? आणि ॲबीही शिरते. उंचीला घाबरणारी ती धिप्पाड बाई पुलावर पाय टाकते, तिथे मला ती सगळ्यात जवळची वाटली.

धुळ्याचा मॉडेलर
दोघंही चित्रापुरतं बोलताय. मी थ्रीडीत काम करतो, तिथली अडचण ऐका. बहुतेक छोट्या स्टुडिओत सगळ्या स्त्री-पात्रांना एकच सांगाडा आणि त्यावर बसवलेल्या त्याच चाली वापरतात. पाठ रुंद केली की हात धडात घुसतात, खांदा वर नेला की चिलखत फाटल्यासारखं दिसतं. म्हणजे चालणं, धावणं, तलवार उपसणं सगळं नव्याने. तो खर्च कोण देणार? शिवाय मोबाइलवर पात्र अंगठ्याएवढं दिसतं. तिथे मानेचा उतार कुणाला दिसतो? बाह्याकृती ओळखू आली पाहिजे, म्हणून मोठे हात आणि स्पष्ट चेहरा. फँटसी आहे, शरीरशास्त्राचा पेपर नाही.

वाघूरकाठ
दादा, बाह्याकृतीचाच मुद्दा घ्या. काडीची मान काढली की खांद्यांवर गोटी ठेवल्यासारखं दिसतं, ते अंगठ्याएवढ्या चित्रातही कळतं. 'लीग ऑफ लेजेंड्स' या गेममधली इलाओय २०१५ पासून आहे. जाड धड, हातात देवाची अवजड सोन्याची मूर्ती, लांबूनही चुकत नाही. खर्चाचं मान्य. पण मग त्याच सांगाड्यावर स्नायूंचा लेप देऊन बलदंड नायिका म्हणून जाहिरात करू नये.

शहाद्याची मास्तरीण
ताई, तुमनं म्हननं खरं शे, पन एक सांगते. विसर्जनातल्या बायका बघा म्हणालात. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया दिवसभर ओझी वाहतात आणि त्यांचे दंड काडीसारखे असतात. अंगात ताकद आहे, मांस नाही, कारण ताटात डाळ नाही. नुसत्या कष्टाने स्नायू फुगत नाहीत, त्यामागे खाणं आणि विश्रांती लागते. आमच्या बायांची ढब घेऊन तिच्यावर पहिलवानाचं शरीर चढवलंत तर त्यांची उपासमार झाकली जाते. हे मला फार लागतं.

वाघूरकाठ
ढब मी त्यांच्याकडून घेईन, शरीर घेणार नाही. पात्र काढायच्या आधी दोन प्रश्न विचारायचेच: ही काय उचलते आणि हिला खाऊ कोण घालतं? वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात एकूण २०२ किलो वजन उचललं. मांड्या, पाठ, कंबर भरलेली, कारण वजन पायांतून उठतं. पोटावरचे गड्डे उठून दिसतात ते अंगावर चरबी फार कमी असली तर. म्हणजे लांबच्या मोहिमेवर निघालेली, हिवाळा डोंगरात काढणारी योद्धा कोरीव पोटाची काढली की ती उपाशी दिसते. तिला थोडं पोट द्या. गावात तिच्यासाठी कोण भाकरी थापतं, तेही गोष्टीत येऊ द्या.

धुळ्याचा मॉडेलर
पोट दिलं की पट्टा वर सरकतो, म्हणजे कापडाचं कामही वाढलं. तरी मानेचं एकदा करून बघतो, पण जबडा मी रुंद करणार नाही. पाच इंचाच्या पडद्यावर हसू ओळखू यायला हनुवटी निमुळतीच लागते, यावर मी ठाम आहे.

चोपड्याचा वाचक
हसू जबड्यावर अवलंबून नसतं दादा. डोळ्यांखालचे गाल वर उचला, रुंद जबड्याची बाईही हसताना दिसेल. आणि ती नाही हसली तरी माझी तक्रार नाही.